पंप मारणारे आणि रिंग धुणारे

(रंगमंचावर एक टेबल. त्यावर व्हॅक्यूमचा डबा, हातपंप, एक चमचा आणि साबणाच्या पाण्याचं पातेलं.)

मंडळी, हा व्हॅक्यूमचा डबा. किंमत विचारू नका. विचारलीत की उत्तर ठरलेलं: ‘अहो, पण वस्तू टिकते किती!’ आता ती टिकते का, आणि टिकलीच तर त्यात या डब्याचं श्रेय किती, एवढंच आज तपासायचंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा डबा पंपावर चालत नाही, घासणीवर चालतो. ज्या घरात झाकणाची रिंग काढून धुतली जात नाही, तिथे श्रीखंडाचा रिकामा डबा यापेक्षा बरा. तो निदान फुकट आलेला असतो.

मुळात हवा काढायची कशाला? उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत, कबूल. पण जंतू गप्प बसले म्हणून बाकीचे बसत नाहीत. तेलातुपाला हवेतला ऑक्सिजन लागला की ते खवट होतं, फ्रीझरमध्येसुद्धा, फक्त सावकाश. म्हणून खवलेलं खोबरं आणि तेलकट बांगडा, दोघेही मटाराच्या आधी रुसतात. दुसरी भानगड बर्फाची. त्याचं पाणी न होता थेट वाफ होते. तुकडीवर पांढुरके, कोरडे चट्टे पडतात ना? तिथलं पाणी उडालेलं असतं. गेलं कुठे? झाकणाला आतून चिकटलंय, बर्फाचा भुगा होऊन. आपण तो बोटाने झटकतो आणि म्हणतो, ‘आमचा फ्रीझर जरा जास्तच गार आहे हं!’

(डब्याला पंप लावून चार-पाच वेळा दाबतो. झाकण किंचित आत जातं.)

झाकण आत गेलं. आतून कोणी ओढलं नाही, बाहेरची हवा दाबतेय; दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. झाकण १५ बाय २० सेंटीमीटरचं धरा, आणि आतली निम्मीच हवा गेली असं माना. दीडशे किलो झाले! म्हणजे दोन धष्टपुष्ट मामा झाकणावर मांडी घालून बसलेत. १६५७ मध्ये जर्मनीतल्या माग्देबुर्गला ओटो फॉन गेरिके या गृहस्थाने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून आठ-आठ घोडे जुंपले. घोडे दमले, गोल काही सुटेना. मग झडप उघडून हवा आत सोडली की तोच गोल सहज सुटे. साडेतीनशेच्या वर वर्षं झाली या गोष्टीला, आणि आम्ही अजून झाकणाखाली सुरी घालतोय! अहो, मधोमध बटण आहे!

आता हे मामा बसून राहतात कुणाच्या भरवशावर? या रिंगच्या. तिच्यावर खोबऱ्याचा एक कीस अडकला, तेलाचा पातळ थर राहिला, की तेवढ्या फटीतून हवा गुपचूप आत. कुकर वापरणाऱ्या घराला हे नव्याने सांगायला नको. फरक एवढाच, की रिंग बिघडली की कुकर फुसफुसून बोंब मारतो, आणि हा डबा मुकाट्याने खोटं बोलतो. (चमच्याच्या दांड्याने रिंग उचकटतो.) चमच्याचा दांडा हं, सुरी नाही, रिंगला चीर गेली की पंप मारणं हा निव्वळ दंडाचा व्यायाम. बघा खाचेत. ही पिवळी रेघ हळद-तेलाची. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. तारेची घासणी नको, तिचे ओरखडे पुढचं तेल धरून ठेवतात. उरलेला पिवळेपणा उन्हात ठेवला की फिका पडतो. आणि हे काळे ठिपके? ती बुरशी. बिचाऱ्या फ्रीझरवर आळ घेऊ नका. डबा ओला असतानाच झाकण लावून कपाटात ढकलला, तेव्हा ती माजली. झडपेतला थेंबही झटकायचा. त्याचा बर्फ झाला की झडप नीट बसत नाही. आणि पंप विजेवरचा असेल तर त्याला आंघोळ नको, ओलं फडकं पुरे.

कोणी म्हणेल, थंडीत जंतू मरतातच, मग एवढी सोवळ्याची धुणी कशाला? मरत नाहीत हो, झोपतात. डबा बाहेर आला की उठतात. दुसरे म्हणतील, हवाच काढलीय, मग ओट्यावर राहू दे की! इथे मात्र थट्टा बाजूला. बॉट्युलिझमचं विष बनवणाऱ्या जंतूला हवा नकोच असते. आपण त्याच्यासाठी जागा रिकामी करून देतो. म्हणून व्हॅक्यूम ही थंडीची बदली नव्हे. मासा वितळवायचा तर आधी बटण दाबून हवा आत सोडायची, आणि डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे: आठवड्यात संपणाऱ्या मटारांना हा थाट कशाला? नकोच. त्यांना श्रीखंडाचा डबा. शिवाय अर्धा रिकामा डबा कितीही पंपा, मोकळ्या जागेत बर्फाचा भुगा जमतोच. म्हणून घट्ट जिन्नस भरगच्च भरायचे. आमरसाचं मात्र उलट. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा वर बोटभर जागा सोडायची. आणि गरम आमटीला पंप लावूच नका. दाब कमी झाला की ती कमी तापमानालाही उकळते, आणि पहिला घोट पंप घेतो.

राहिला शेवटचा प्रश्न, हे घरात करायचं कोणी? पंप मारायला तर रांग लागते. (पहिल्या रांगेतून चार हात वर येतात.) पोरं मारतात, आजोबा मारतात, पाहुणेसुद्धा ‘बघू बघू’ म्हणत मारून जातात. तेव्हा नियम सोपा: ज्याने पंप मारला, त्यानेच रिंग धुवायची.

(पंप प्रेक्षकांपुढे धरतो. थांबतो.)

का हो? मघाशी पहिल्या रांगेतून तर चार हात वर आले होते!

(पडदा.)