नॉटविथस्टँडिंग आणि मराठवाडा

नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांत इंग्रजी जोडशब्द घोकणाऱ्या विद्यार्थ्यांस ‘नॉटविथस्टँडिंग’ हा कधी क्रियाविशेषण, तर कधी शब्दयोगी अव्यय म्हणून वावरणारा बहुरूपी शब्द दुर्बोध वाटावा, याचे नवल वाटते. कारण ज्या अनुच्छेद ३७१ ने मराठवाड्यास स्वतंत्र विकास मंडळ देण्याची तरतूद केली, त्यातील महाराष्ट्राविषयीचा खंड इंग्रजीत याच शब्दाने आरंभतो. निजामी अमदानीतील उर्दू दफ्तरांत ‘बावजूद’ एवढ्यावर भागत असे. नव्या राज्यव्यवस्थेने त्याजागी ‘नॉट’, ‘विथ’ आणि ‘स्टँडिंग’ असे तीन असामी नेमले. त्यांची पृथक् फोड करून ‘सोबत कोणी उभे नाही’ असा अर्थ एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला, तर परीक्षक त्यास शून्य गुण देतील. अनुभवी शेतकरी मात्र पैकीच्या पैकी देईल. तरतूद १९५६ ची, मंडळ अवतरले १९९४ साली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदतही सरली. अनुशेषाची मोजदाद करणाऱ्या समित्यांचे अहवाल तेवढे, सदर शब्दास अनुसरून, काहीही असले तरी दप्तरी दाखल आहेत.