आजोचा आल्वारा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शिकलेल्या पोराकडून घरची अपेक्षा एकच: माळ्यावरच्या ट्रंकेतले पोर्तुगीज कागद त्याने वाचून दाखवावेत. पोरगा इंजिनियर झाला तरी आजो त्याच्यापुढे आल्वाराचा कागद पसरतोच. आल्वारा म्हणजे पोर्तुगीज सरकारने जमीन कसायला दिल्याची सनद. १९६१ मध्ये सरकार गेले, सनदा राहिल्या, आणि जमीन नावावर व्हावी म्हणून सत्तरीकर अजून खेपा घालतात.

त्यामुळे बारावी झालेल्या माझ्या पुतणीने पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच या लॅटिनच्या लेकींपैकी एकीत पदवी घेणार असे जाहीर करताच आमच्या वाळपईच्या घरात आनंद झाला. तो आल्वाराच्या जमिनीवरच्या काजूच्या बागायतीसाठी होता.

मग कॉलेज ठरवायला सगळे बसले. आजोच्या मते ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ असताना बाहेर कशाला? पोर्तुगीज विभागही आहे. पुतणी म्हणाली, "आजो, तिथे पोर्तुगीजचं एम.ए. आहे. आधी पदवी लागते." आजो चिडला. "कागद आता वाचायचाय गे बाये, पाच वर्षांनी नाही!"

धाकट्या भावाला पासपोर्ट दिसू लागला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, हे त्याला हरिपाठासारखे पाठ आहे. पण तो पासपोर्ट काढून कितीतरी गोंयकार इंग्लंडातल्या स्विंडनला जाऊन राहिले, तेव्हा त्या पासपोर्टाला पोर्तुगीजची गरज फारशी लागत नसावी. पुढे ब्रेक्झिट झाले आणि भावाचा अभ्यास वाया गेला.

आजीची कसोटी वेगळी. दिल्लीच्या जेएनयूत आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात स्पॅनिश-फ्रेंचची पदवी मिळते, हे तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तिथे कदंबची बस जाते?" पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट मात्र तिला नाव ऐकताच पसंत पडले, कारण कोथरूडला तिची मावसबहीण राहते. तिथले वर्ग मुख्यतः प्रमाणपत्राचे आणि पदविकेचे, ही किरकोळ बाब. मावसबहीण पदवीपेक्षा खात्रीची.

दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये ज्या राजवटीविरुद्ध सत्तरी उठवली, तिचीच भाषा शिकायला सत्तरीतली पोर आज प्रवेशपरीक्षा देणार, याची मला मोठी गंमत वाटत होती. मी ती बोलूनही दाखवली. आजो म्हणाला, "बंड करायचं तर बंदूक लागते आणि कोर्टात जायचं तर कागद. दीपाजीकडे बंदूक होती." माझी गंमत तिथेच आटोपली.

एवढे झाल्यावर कोणाला तरी सुचले, की पोरीलाच विचारावे. तिला स्पॅनिश हवे होते. का, तर मेस्सीच्या मुलाखती खालच्या पट्ट्या न वाचता समजाव्यात. घरात शांतता पसरली.

"त्या मेस्सीला आल्वारा वाचता येतो?" आजोने विचारले.

"अरे आजो, दोन्ही भाषा जवळच्याच. स्पॅनिश आलं की पोर्तुगीज अर्धंअधिक वाचता येतं."

आजोने चष्मा काढून पुसला, परत लावला. "अर्धं कुठलं, ते आधी कॉलेजात विचारून घे. वकील म्हणालाय, चतुःसीमा खालच्या अर्ध्यात आहेत."