निरिच्छ जाहिरातीची शास्त्रोक्त पद्धत

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिल्या समासात मूर्खाची जी लक्षणे सांगितली, त्यांत आपल्याच तोंडाने आपली स्तुती करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगत बसणारा या दोघांना एकाच ओवीत बसवले असल्यामुळे, समाजमाध्यमांवर स्वतःच्या कार्यशाळेची जाहिरात करू इच्छिणाऱ्या मराठी माणसाची कोंडी सतराव्या शतकातच होऊन गेली आहे: स्वतःचे कौशल्य सांगावे तर मूर्ख, आणि घराण्यातून चालत आलेल्या कलेचा हवाला द्यावा तरी मूर्खच. या कोंडीतून जी संदेशलेखनशैली जन्मास आली, तिला येथे सोयीसाठी ‘निरिच्छ जाहिरात’ म्हटले आहे. वाचणाऱ्याने पैसे भरावेत अशी मनोमन इच्छा धरणारी, पण ती इच्छा वाचणाऱ्याच्या आणि शक्यतो लिहिणाऱ्याच्याही लक्षात येऊ न देणारी जाहिरात म्हणजे निरिच्छ जाहिरात होय.

तिच्या अभ्यासाला श्रावण महिना उत्तम, कारण गणेशचतुर्थी तोंडावर आली की पुण्यापासून डोंबिवलीपर्यंत शाडूच्या गणेशमूर्ती घडवण्याच्या कार्यशाळांना ऊत येतो. शाडू म्हणजे मूर्तिकामाला वापरली जाणारी, पाण्यात विरघळणारी बारीक चिकणमाती. तिची मूर्ती सुकायला काही दिवस घेते आणि सुकताना तडकण्याची धास्ती असते, त्यामुळे ती शिकवणाऱ्याला खरोखरच काही यावे लागते. आणि त्याला ते येतेही. सोंड तोलाने कशी बसवावी, वर उचललेल्या हाताला आधार किती द्यावा, तडा गेलाच तर पातळ कालवलेल्या मातीने तो कसा बुजवावा, हे सारे त्याच्या बोटांत असते. संदेशात मात्र यांपैकी अवाक्षरही नसते. संदेश पर्यावरणाच्या ऱ्हासापासून सुरू होतो, तेथून लोकमान्य टिळकांकडे वळतो, मुलांच्या मोबाइलवेडाबद्दल हळहळतो, आणि ‘काही स्नेह्यांच्या आग्रहामुळे एक छोटासा प्रयत्न करीत आहोत’ या वाक्यापाशी पोहोचेपर्यंत वाचणाऱ्याचा अंगठा पुढच्या संदेशावर गेलेला असतो. तारीख शेवटून दुसऱ्या ओळीत सापडते, वेळ चित्रातल्या मोदकाखाली दबलेली असते, आणि शुल्क, ज्याला सोवळे नेसवून ‘सहभागमूल्य’ केलेले असते, ते ‘इच्छुकांनी संपर्क साधावा’ या पडद्यामागे बसलेले असते.

यातील आग्रह या घटकाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मराठी नाटकांच्या जाहिरातींत ‘रसिकांच्या आग्रहास्तव’ हे शब्द वर्षानुवर्षे छापले जात आले आहेत, पण तेथे निदान आधी एखादा प्रयोग झालेला असतो. निरिच्छ जाहिरातीत पहिली कार्यशाळा होण्यापूर्वीच आग्रह होऊन गेलेला असतो, आणि आग्रह करणारी मंडळी नावनोंदणीच्या आठवड्यात नेमकी गावी असतात. त्याच्या जोडीला ‘मोजक्याच जागा शिल्लक’ ही ओळ येते. एकही जागा भरलेली नसताना ती लिहिणे असत्य ठरत नाही, कारण पंधरा जागाही मोजता येतातच.

आपण लोकांच्या डोक्यावर बसत आहोत, ही कार्यशाळाचालकाची भीती कितपत साधार आहे, हे माध्यमांची रचना पाहिली म्हणजे कळते. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस, म्हणजे संपर्कातील लोकांना दिसणारी नोंद, २४ तासांनी आपोआप नाहीशी होते. ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय, २५६ जणांना सामावून घेत असली तरी ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक जतन केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो संदेश पोहोचतच नाही. आणि इन्स्टाग्रामवर छायाचित्राखाली लिहिलेली लिंक दाबून सहसा काही उघडत नसल्यामुळे ‘लिंक बायोमध्ये’ असे सांगून इच्छुकाला मागच्या दाराने आत घ्यावे लागते. म्हणजे सारा गाव जागवल्याचा ज्याला पश्चात्ताप होत असतो, त्याची दवंडी बहुधा स्वतःच्या आळीबाहेरही गेलेली नसते, आणि जे तीनदा सांगितल्याशिवाय कुणाच्या कानी पडणार नाही, ते एकदाच पुटपुटून तो पुढचे चार दिवस संकोचाने स्टेटसही ठेवत नाही.

गृहसंकुलाच्या ग्रुपवर हा संकोच कळसाला पोहोचतो. ‘विषयांतराबद्दल क्षमस्व, अ‍ॅडमिनच्या परवानगीने पाठवत आहे’ ही क्षमायाचना अशा ठिकाणी केली जाते, जेथे पहाटेपासून सुविचार, मधुमेहावरचे काढे आणि कुणाच्या तरी चुलतभावाचा विकाऊ सोफा यांचा ओघ अखंड चालू असतो. काढ्यासाठी मात्र आजवर कुणी क्षमा मागितल्याचे आढळत नाही. प्रतिसादादाखल अंगठे येतात, जोडलेले हात येतात, ‘स्तुत्य उपक्रम!’ येते. उपक्रम एकदा स्तुत्य ठरला की तेथे जाण्याची गरज उरत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. एखाद्या काकू ‘फी किती गं?’ असे चारचौघांत विचारण्याचे धैर्य दाखवतात, तेव्हा ‘काकू, पर्सनलवर सांगते’ असे घाईघाईने उत्तर जाते, जणू काकूंनी वय विचारले होते.

क्वचित एखादी शिक्षिका हा सारा साज उतरवून ‘शाडूची मूर्ती करायला शिका. रविवारी सकाळी ९ ते १. माती, पाट, कोरण्या मिळतील. फी ८०० रुपये. मूर्ती घरी न्यायची’ एवढेच लिहिते. असा संदेश पर्यावरणाची शपथ घालत नाही, मैत्रीचा हवाला देत नाही, नकार देण्यासाठी सबब शोधायला लावत नाही. ज्याला नको तो पुढे जातो. ग्रुपच्या दृष्टीने आगाऊपणा म्हणतात तो हाच. ‘हल्ली बाप्पाचाही धंदा झाला आहे’ असे मत त्याखाली तासाभरात नोंदवले जाते आणि त्यावर अकरा अंगठे उमटतात. मग रात्री दहानंतर त्या अकरांपैकी दोघांचे जागा शिल्लक आहे का अशी चौकशी करणारे संदेश पर्सनलवर येतात, आणि तिसरा येतो तो मत नोंदवणाऱ्या काकांचाच, की दोन नातवंडे मिळून एकच मूर्ती करणार असतील तर ८०० रुपयांत दोघांचे भागेल का, आणि माती थोडी जास्तीची मिळेल का.