व्हिसाभाऊ

फुलंब्रीच्या तहसील परिसरात, झेरॉक्सचे यंत्र आणि मुद्रांक विक्रेत्याचे टेबल यांच्यामधल्या सावलीत जो गृहस्थ बसलेला असतो, त्यास पंचक्रोशीत 'व्हिसाभाऊ' म्हणतात. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार वकिलीस लागणारी सनद त्याच्यापाशी नसते. परंतु ज्यांच्यापाशी ती असते ते वकील फेरफार, वाटणी आणि बांधाचे तंटे यांत इतके गुंतलेले असतात, की अमेरिकेचा विषय निघताच तेही पक्षकारास भाऊकडेच धाडतात.

भाऊचे खरे पांडित्य अमेरिकेविषयी नसून नावांविषयी असते. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि सातबाऱ्यावर नुसतेच 'कासाबाई', अशा रीतीने एका बाईच्या तीन बाया झालेल्या असतात आणि त्या तिघी एकच होत, हे तो प्रतिज्ञापत्राने, म्हणजे शपथेवर केलेल्या लेखी निवेदनाने, सिद्ध करतो. जन्मतारखेचे प्रकरण याहून बिकट असते, कारण गुरुजींनी पटावर घेताना निम्म्या गावास १ जून ही तारीख बहाल केलेली असते. आणि जन्माची नोंद एक वर्षाहून अधिक काळ राहून गेली असल्यास १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. इथवर भाऊ खरोखरच उपकारक असतो, हे मान्य केले पाहिजे.

अडचण पुढे येते. पर्यटक व्हिसा मागणारा मनुष्य परत येणार असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटेपर्यंत त्यास कायम वास्तव्यासाठी आलेलाच समजावे, असे अमेरिकी कायद्याचे २१४(ब) हे कलम सांगते. भाऊ त्याचा अर्थ 'फाईल जाड हवी' असा लावतो. मग सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातील एकूण जमिनीचा उतारा), ट्रॅक्टरचे आरसी बुक आणि अद्रकाच्या उभ्या पिकाचे रंगीत फोटो यांनी ती फुगते आणि मुंबईच्या वकिलातीत खिडकीआडचा अधिकारी तिला बहुधा हातही न लावता दोन-चार प्रश्न विचारून निकाल देतो. त्या प्रश्नांची तालीमही भाऊ घेतो. "काकू, सुनेच्या बाळंतपणाचं नावच काढायचं नाही, फिरायला चालले म्हणायचं," असे तो बजावतो, तेव्हा काकू विचारतात, "मग मी काय बिनकामाची चालले का तिकडं?" खोटी माहिती उघडकीस आल्यास अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते, हे लक्षात घेता कायद्याचे अधिक ज्ञान काकूंनाच असते, असे म्हणावे लागते.

नागरिकत्वाच्या कायद्यात मात्र तालुक्याचा रस एकाच मुद्द्यापुरता असतो. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या अधिनियमाच्या कलम ९ नुसार संपुष्टात येते, हे कळताच धाकटा भाऊ "म्हणजे थोरल्याचा वावरातला हिस्साही गेला का?" असे आशेने विचारतो. ओसीआय कार्डधारकास, म्हणजे भारताच्या परदेशस्थ नागरिकास, शेतजमीन विकत घेता येत नसली तरी वारसाहक्काने मिळते, असे सांगून भाऊ त्याची निराशा करतो. आणि लगेच, थोरल्याने तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायच्या मुखत्यारपत्राचा व त्याआधारे इथे नोंदवायच्या हक्कसोडपत्राचा नमुना पिशवीतून काढून निम्मी फी आगाऊ मागतो.