सूर सोडून सर्व काही

ट्रम्पेट शिकायचं ठरवलंत, अभिनंदन. बटणं तीनच आहेत हे पाहून तुम्ही पेटी सोडून इकडे वळलात, हे आम्ही ओळखून आहोत. आमचंही तसंच झालं होतं. तीन बटणांवर सगळं कसं बसतं, तर बोटं तीच ठेवून पाच-सहा निरनिराळे सूर निघतात आणि त्यांतला हवा तो ओठांनी पकडायचा असतो. ही बातमी दुकानदार पैसे मोजून झाल्यावर देतो. आता वाद्य घरी आलंच आहे, तर पुढील सूचना पाळाव्यात.

सूचना पहिली. सूर फाटला, घसरला किंवा आलाच नाही, तर माउथपीस बदला.

आधी रियाज करावा, असं कुणी सुचवेल. लक्ष देऊ नका. रियाजाला वर्षं लागतात आणि तो कुरिअरने येत नाही. माउथपीस येतो. एकामागून एक माउथपीस घेत सुटणाऱ्याच्या या प्रवासाला इंग्रजी मुलखातले वादक 'सफारी' म्हणतात. शिकार हाती लागत नाही, पण खर्च सफारीइतकाच येतो. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अकरा नग आहेत. घरात ते कुणी मोजू नयेत म्हणून दोन मोज्यात ठेवले आहेत.

सूचना दुसरी. अवयवांची नावं पाठ करा, म्हणजे दुकानात मान राहतो. ओठ टेकतात ती कड म्हणजे रिम. आतली वाटी म्हणजे कप. वाटीच्या तळाला भोक असतं, तो घसा. घशापुढे हळूहळू रुंदावत जाणारा बोगदा म्हणजे बॅकबोअर. सगळं मिळून जेमतेम नऊ सेंटिमीटर. यापुढे दीड मीटरच्या आसपास पितळी नळी असते, पण माणसं भांडतात ती या नऊ सेंटिमीटरांवरून.

आता नंबर. जगात सर्वाधिक नवशिक्यांच्या ओठी लागलेला माउथपीस म्हणजे बाखचा '७सी'. हा बाख योहान सेबास्टियनच्या घराण्यातला नव्हे. व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी १८९० साली जन्मलेला विन्सेंझ श्रोटेनबाख शिकला इंजिनिअरिंग, वाजवू लागला ट्रम्पेट. १९१४ मध्ये अमेरिकेला पोचल्यावर तो व्हिन्सेंट बाख झाला आणि १९१८ पासून माउथपीस घडवू लागला. त्याच्या पद्धतीत नंबर जितका लहान तितकं तोंड मोठं. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. काजूत १८० नंबर मोठा आणि ३२० बारीक, तसंच हे. नंबरापुढचं अक्षर वाटीची खोली सांगतं: ए सगळ्यांत खोल, मग बी, सी असं करत ई-एफपर्यंत उथळ.

इथवर पाठ झालं असेल तर आता विसरा. शिकागोच्या रेनॉल्ड शिल्की यांच्या पद्धतीत नंबर मोठा तर तोंड मोठं, आणि ए म्हणजे सगळ्यांत उथळ. यामाहाचे नंबरही त्याच दिशेने चढतात. शिल्की त्यांचे सल्लागार होते. घशाचं माप ड्रिलच्या नंबराने सांगतात आणि तो पुन्हा काजूवर येतो: २७ पेक्षा २८ बारीक. मी स्वतः एकदा 'जरा खोल' म्हणून मागवला तो इतका उथळ निघाला, की ओठ तळाला टेकून आवाज बंद. दुकान चुकलं नव्हतं. मी ए हे अक्षर दुसऱ्याच शाळेत शिकलो होतो.

मापांचं म्हणाल तर ७सीचं तोंड १६.२० मिलिमीटर, ३सीचं १६.३०. चार नंबर उतरलो, माप हललं एक दशांश मिलिमीटरने. 'दीड सी' मात्र थेट १७ वर जातो. एक दशांशाला हसू नका. दातात अडकलेला बडीशेपेचा दाणा जिभेला नारळाएवढा लागतो, ओठांचंही तसंच. फरक लागतो, खरोखर लागतो. कुणाला लागतो, हा प्रश्न पुढे येईल.

रिमचा हवेशी संबंध कमी आणि कातडीशी जास्त. रुंद, गोलसर रिम आरामाची. तीवर माणूस जास्त वेळ टिकतो, पण सुरावरून सुरावर उडी मारताना ओठ अडखळतात. आतली धार तीक्ष्ण असेल तर सुराची सुरुवात स्वच्छ होते आणि ओठांवर वर्तुळ उमटतं. ऑफिसात ते लोक पाहतात. विचारलं तर 'ट्रम्पेट' असं एका शब्दात सांगावं. सविस्तर सांगायला गेलात तर माणसं लिफ्टची वाट न पाहता जिन्याने जातात.

खरी गंमत वाटीत आहे, आणि इथे मी थोडा थांबणार आहे. माउथपीस वाद्यातून काढा आणि तोंडाच्या बाजूने तळहातावर थाप मारा. 'पॉक' असा आवाज येईल. तो त्या वाटीचा आणि घशाचा स्वतःचा सूर. तुम्ही वाजवता तेव्हा साधारण त्या पट्ट्यातल्या स्वरांशांना माउथपीस हात देतो. वाटी उथळ केली की हा 'पॉक' वर सरकतो, वरच्या स्वरांशांना जोर मिळतो आणि आवाज चकाकतो. वाटी खोल केली की तो खाली येतो. आवाज गर्द आणि मऊ होतो. एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनाड यांनी हे फार सुंदर उलगडून दाखवलं आहे. एका टोकाला ओठांनी बंद केलेली नुसती सरळ नळी एक, तीन, पाच अशा विषम पटींतच घुमते. तिच्यावर बिगूलसुद्धा वाजणार नाही. पुढचा कर्णा खालच्या घुमण्यांना वर ओढतो, मागचा माउथपीस वरच्यांना खाली ओढतो, आणि या दुहेरी खेचाखेचीतून दोन, तीन, चार, पाच ही सरळ रांग लागते. म्हणजे वाटी फार लहान झाली तर वरचे सूर चढे आणि फार मोठी झाली तर उतरे. वाटी बदलणं म्हणजे नुसता रंग बदलणं नव्हे, पेटीच्या पट्ट्या थोड्या थोड्या सरकवणं आहे.

उथळ वाटीने उंच सूर आपोआप निघतात, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. त्यांचं ऐका, एक घ्या. माझ्याकडे तीन आहेत. न निघणारा सूर आता चकाकून निघत नाही.

घशाचं प्रमाणित माप ड्रिल नंबर २७, म्हणजे ३.६६ मिलिमीटर. धीट मंडळी तो मोठा करून घेतात. फुंक मोकळी जाते, पण दम लवकर संपतो. २८ नंबर ३.५७ चा. मधला फरक ०.०९ मिलिमीटर. वडापाव खाऊन चूळ न भरता वाजवायला बसलं, तर लसणाच्या चटणीचा एक कण हे काम फुकट करतो. मी महिनाभर ज्या 'किंचित अरुंद, एकवटलेल्या' आवाजावर खूश होतो, तो धुतल्यावर गेला.

यानंतर फटीचा अभ्यास. माउथपीसची दांडी वाद्यात शिरते, पण आतल्या नळीच्या तोंडाला टेकत नाही. मधे काही मिलिमीटर फट राहते. ती कमी-जास्त झाली की सूर 'पकडीत' येतो किंवा निसटतो, असं जाणते वादक सांगतात. फट वाढवायचा स्वस्त उपाय म्हणजे दांडीभोवती कागदाची पट्टी गुंडाळणं. कोणता कागद, यावर मी आठवडा घालवला. वर्तमानपत्र बरं. लग्नपत्रिका फार जाड.

माउथपीस संपले, म्हणजे पैसे संपले असं नव्हे. अजून वाद्य बाकी आहे. बाखच्या सर्वांत खपणाऱ्या ट्रम्पेटच्या नळीचा आतला व्यास ११.६६ मिलिमीटर, त्याहून 'मोठी' नळी ११.७३. दोन्हींमध्ये वहीचा कागद सरकणार नाही. तरीही मोठ्या नळीच्या मालकाशी बोलून पाहा; तो रुंद खांद्यांनी बोलतो. कर्णा पिवळ्या पितळेचा की तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या लालसर पितळेचा, यावर मैत्र्या तुटल्या आहेत. इंग्लंडमधले ध्वनिशास्त्रज्ञ आणि वाद्यनिर्माते रिचर्ड स्मिथ यांनी १९८० च्या दशकात ट्रॉम्बोनवादकांना एकाच आकाराचे, पण वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याचे कर्णे न पाहता वाजवायला दिले. वादकांना ते ओळखता आले नाहीत. प्रकरण मिटलं असं वाटतं ना? २००५ मध्ये फ्लोरिडाच्या रोलिन्स कॉलेजातल्या टॉमस मूर आणि सहकाऱ्यांनी ट्रम्पेटच्या कर्ण्याची थरथर दाबून मोजमाप केलं, तर आवाजात मोजता येण्याजोगा फरक सापडला. दोन्ही निष्कर्ष खिशात ठेवा. विकत घेताना मूर काढायचे, विकताना स्मिथ.

कर्ण्याची दिशा मात्र फुकटात बदलता येते आणि तिने खरंच काहीतरी होतं. ट्रम्पेटच्या आवाजातले वरचे, धारदार अंश टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. वाजवणारा या झोताच्या मागे उभा. म्हणजे तुमचा आवाज सगळ्यांत वाईट जागेवरून ऐकणारा माणूस तुम्ही, आणि माउथपीसची निवड करणाराही तुम्हीच. आपल्या कानाला मंद वाटतं म्हणून माणूस उथळ वाटी घेतो आणि पहिल्या रांगेतल्यांच्या दातांना झिणझिण्या येतात. ६ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॅझवादक डिझी गिलेस्पीच्या बायकोच्या वाढदिवसाच्या मेजवानीत स्टँडवर ठेवलेल्या त्याच्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि कर्णा वर वाकला. तसाच वाजवून पाहिला तर आवाज स्वतःच्या कानापर्यंत पोचत होता. मग त्याने मुद्दाम पंचेचाळीस अंशांत वर उचललेला कर्णा बनवून घेतला आणि आयुष्यभर वापरला. तुम्ही असं करू नका, वॉरंटी जाते. भिंतीकडे तोंड करून वाजवा, म्हणजे तोच फायदा आणि शेजाऱ्यांना दुप्पट त्रास.

आता शिक्षकांबद्दल. शक्यतो ठेवू नये. ते रियाजाला लावतात. माझे सर मूळचे गोव्याचे, मुक्काम धोबी तलाव. ज्या पिढीने चिक चॉकलेट यांना ऐकलं तिच्या शेपटाचे. अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये बँड वाजवत आणि 'अलबेला'च्या (१९५१) वेळी सी. रामचंद्रांच्या सोबतीला होते. त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. एकदा मी सरांपुढे माझे पाच माउथपीस रुमालावर मांडले. ते म्हणाले, "काय मॅन, दात विकतोस काय?" पण वाजवले पाचही. मी डोळे मिटून ऐकत होतो: पाची वेळा सर. मधे कुठेतरी रंग पुसट हलला असेल, नसेल. सर मात्र दुसऱ्याला वैतागले, चौथ्यावर दोन ओळींत थकले आणि पाचवा परत ठेवताना म्हणाले, "ह्यावर शनिवारचं लग्न निघणार नाही." मग त्यांचा स्वतःचा, मुलामा उडालेला, माझ्या हाती दिला. मी वाजवला. पाचांवर निघे तोच आवाज निघाला, माझा. या प्रयोगातून मी घेतलेला धडा असा की, सरांच्या माउथपीसची जोडी माझ्या नळीशी जमत नसावी.

सूचना शेवटची. त्रयस्थ कान शोधा. माझे त्रयस्थ म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. त्यांना काही न सांगता मी चार आठवडे दर सोमवारी नवा माउथपीस लावला. पहिल्या आठवड्यात ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "खिडकी उघडी होती का हो?" तिसऱ्यात त्यांच्याकडे पाहुणे होते. चौथ्यात जिन्यात भेटले आणि आपण होऊन थांबले.

"बुधवारी फार छान वाजवलंत," ते म्हणाले. "भरीव. पहिल्यांदाच वाटलं, पुन्हा ऐकावं."

बुधवारी मी कामासाठी नाशिकला होतो. घरी विचारलं तेव्हा कळलं, बुधवारी संध्याकाळी खालून वरात गेली.

कोणता बँड ते शोधायला दोन दिवस गेले. रंगीत डगले वाळत घातलेलं छोटं दुकान निघालं. वादक दारात बसून चहा पीत होता. ट्रम्पेट मेरठचं, दोन ठिकाणी डाक दिलेली, कर्ण्याला पोचा. मी माउथपीस पाहायला मागितला. बाहेरून पिवळा पडलेला, रिम एका बाजूला झिजलेली, आणि नंबराच्या जागी नुसता गुळगुळीत पट्टा. घशात उजेडाकडे धरून पाहिलं, तर गोलही नव्हता. किती वर्षं वापरतोस, विचारलं. वडिलांचा आहे, म्हणाला.

मी विचारलं, "विकता का?"