दोनच घड्याळं मिळतील

संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळ असतंच. तेवढ्यावर ज्याचं भागतं तो सुखी माणूस. त्याच्या घरातलं कुणी परदेशी गेलेलं नसावं, किंवा गेलेल्यांशी त्याचं बोलणं तरी नसावं. आमच्याकडे तशी सोय नाही. भाची सॅन होजेला, धाकटा भाऊ मेलबर्नला, मावशी लंडनला आणि आतेभाऊ दुबईला. एकत्र कुटुंब मोडलं म्हणतात ते खोटं आहे. ते फक्त लांबवर पसरलंय. हिवाळ्यात आमच्या कुटुंबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकोणीस तास भरतात.

म्हणून मला संगणकावर एक घड्याळ हवं होतं. चार गावांच्या वेळा एकाखाली एक दिसाव्यात, बस्स. माझा लॅपटॉप आता वयाने मोठा झाला आहे. त्याला धाप लागू नये इतकं ते हलकं असावं, एवढीच अट. पण शोधायला बसलं की कळतं, निव्वळ घड्याळ देणं कुणालाच पसंत नाही. एक घड्याळ आधी खातं उघडायला सांगतं. दुसरं मेलबर्नचं हवामान सांगतं, वर तिथली छत्री न्यायची की नाही याचा सल्लाही देतं. तिसरं उतरवून घेतलं तर शंभर एमबीच्या वर. चार आकडे आणि एक टिंब दाखवायला शंभर एमबी! हल्ली असे छोटे कार्यक्रम ज्या पद्धतीने बांधतात, त्यात प्रत्येकाच्या पोटात एक अख्खा ब्राउझर भरलेला असतो. उदबत्ती लावायला होळी पेटवावी, तसा हा प्रकार.

वास्तविक वेळेचं गणित अगदी हलकं आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर बेतलेली आहे. त्याला चाराने गुणलं की तीनशेतीस मिनिटं, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई बरीच पश्चिमेला, म्हणून तिची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. आता ही एकोणचाळीस मिनिटं कुणी सहजासहजी सोडेल, तर ती मुंबई कसली! १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी शहरावर मद्रासची वेळ लादून पाहिली, तेव्हा लोक बिथरले. १ जानेवारी १९०६ ला देशाची प्रमाणवेळ सुरू झाली. रेल्वेने आणि तारखात्याने ती घेतली, पण महापालिका हटून बसली आणि तिने मुंबई टाइम १९५५ पर्यंत चालवला. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक मुंबईकर माणूस पालिकेचं घड्याळ बघून घराबाहेर पडत होता आणि स्टेशनचं घड्याळ बघून गाडी पकडत होता. दोन वेळा, डोक्यात, शून्य एमबी. आणि तरीही गाडी चुकली तर दोष रेल्वेला देण्याची सोय होतीच.

आमच्या आईकडे हेच यंत्र आहे. नातीच्या गावी किती वाजले हे ती स्वयंपाक करता करता सांगते. दिवसाची रात्र करायची आणि उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात दीड तास मागे यायचं. "तिकडे अजून कालच आहे," असं ती इतक्या सहज म्हणते की कालचा दिवस जणू सॅन होजेत साठवून ठेवला आहे. दुबईसाठी घड्याळ लावायची कल्पना तिला चैनीची वाटते. "दीड तास तर मागे. त्याला कसलं घड्याळ?"

संगणकाला मात्र असं तोंडी चालत नाही. कुठल्या देशाने घड्याळं कधी पुढे केली, कधी मागे केली आणि कधी नुसतंच मत बदललं, याची एक मोठी वही जगभरचे संगणक वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. त्या वहीत आपण 'आशिया/कोलकाता' या नावाने नोंदलेले आहोत. पुण्याचं नाव नाही, हे पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये, मुंबईचंही नाही. गंमत म्हणजे २०११ मध्ये या वहीवर अमेरिकेत खटला भरला तो एका ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने. जुन्या वेळांची माहिती आमच्या मालकीची, असं तिचं म्हणणं. पुढच्या वर्षी खटला मागे घेतला गेला. मला त्या कंपनीची बाजू पटत नाही, पण तिची गरज कळते. आपल्याकडेही १९४३ सालचा जन्म असला की जाणता ज्योतिषी पहिल्यांदा विचारतो, वेळ युद्धकाळातली धरली आहे का? कारण सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ देशातली घड्याळं एक तास पुढे होती. तेवढ्याने लग्नरास बदलू शकते आणि मग सगळ्या आयुष्याचा खुलासा नव्याने करावा लागतो.

लिनक्सवाल्या भाच्याने माझा शोध पाहून एक्सक्लॉक नावाचं म्हातारं घड्याळ काढून दाखवलं. काळे काटे, पांढरी तबकडी, नटणंमुरडणं नाही. एकेका गावाचं नाव देऊन तेच चारदा चालवायचं. हलकेपणात त्याला तोड नाही. पण भाचा गेल्यावर तो आदेश पुन्हा टाइप कोण करणार?

शेवटी हवं ते घरातच निघालं. विंडोजमध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगात जादा घड्याळं लावता येतात. काही उतरवून घ्यायचं नाही, खातं नाही, छत्री नाही. कोपऱ्यातल्या वेळेवर माऊस नेला की सगळ्या वेळा दिसतात. शिवाय घड्याळाला हवं ते नाव देता येतं, म्हणजे 'सॅन होजे' न लिहिता थेट 'सई' लिहिता येतं. अडचण एकच. जादा घड्याळं दोनच मिळतात. माणसं चार.

दुबई आईने आधीच बाद केली होती. उरलेल्या तिघांत सईचा नंबर निर्विवाद, कारण तिचं गणित सगळ्यात अवघड. प्रश्न भाऊ की मावशी, आणि असे प्रश्न तंत्रज्ञान सोडवत नाही. मी भावाला घड्याळ दिलं. मावशीसाठी एक जुनी युक्ती होती: काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरायचं. हिवाळ्यात इथे दुपारचे बारा वाजले असताना वरची बाजू खाली करून बघा, दोन्ही काटे सहावर येतात, आणि लंडनला सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. साडेपाच तासांचा फरक तबकडीवर जवळपास समोरासमोर पडतो, त्याची ही कृपा. त्याच सुमारास मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढे असतं, तेव्हा तीच उलटी तबकडी भावालाही चालते. फक्त साडेसहाऐवजी साडेपाच वाचायचं, संध्याकाळचे. एका मनगटात दोन खंड! मावशीला हे कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला घड्याळ आणि मला उलटं घड्याळ?" तो विषय अजून चालू आहे.

ही युक्ती हिवाळ्यापुरती. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं सरकली की तास चुकतो. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात, युरोपातली शेवटच्या रविवारी, आणि मेलबर्नची एप्रिलच्या पहिल्या रविवारी उलट मागे येतात. तेव्हा तुमचीही माणसं अशी तीन खंडांत विखुरली असतील, तर त्या तीन-चार आठवड्यांत स्वतःच्या पाठांतरावर विसंबू नका. आधी मेसेज टाका, उत्तर आलं तरच फोन लावा.