टाकी भरलेली, इंजिन उपाशी

चंदीगडमध्ये जुन्या वस्तूला भाव कधी येतो याचे नियम ठरलेले आहेत. सरकारी कचेरीतली मोडकी खुर्ची वास्तुकार पिएर जानरे यांच्या आराखड्यातली निघाली, तर तिचा लिलाव परदेशात होतो. गटाराच्या लोखंडी झाकणावर शहराचा नकाशा ओतलेला असला, तर ते झाकणही लिलावात जातं. शेवटी २०११ साली केंद्राला फर्मान काढावं लागलं, की बाबांनो, हा वारसा आहे, विकू नका. इथून तासाभराच्या आत असलेल्या पिंजोरला एचएमटीने १९७१ सालापासून बनवलेला ट्रॅक्टर मात्र भंगारात किलोवर जातो. त्याच्यावरही माणसं बसायचीच. पण ती कचेरीतली नव्हती.

ही उणीव भरून काढायची असं आमच्या सेक्टरच्या रहिवासी संघटनेने ठरवलं. २६ जानेवारीला बागेभोवती जुना ट्रॅक्टर फिरवायचा, मागे मुलं, हातात झेंडे. बुडैलमधल्या एका सरदारजींच्या अंगणात पंचवीस हॉर्सपॉवरचा झेटर उभा होता. मूळ नकाशा झेकोस्लोव्हाकियाचा, जुळणी पिंजोरची, आणि हल्ली चिमण्यांची वसाहत. तो आणला. सल्लागार म्हणून मला घेतलं, कारण मी महाराष्ट्रातला. "तुमच्याकडे ऊस असतो ना?" एवढीच माझी पात्रता. मी ऊस खाल्लेला आहे, हे मी नाकारलं नाही.

पहिला ठराव रंगाचा. ऑइलपेंटचे तीन हात बसले. बॉनेट, मडगार्ड, टाकी, टाकीचं झाकण, काही म्हणजे काही सुटलं नाही. नंबरप्लेट सुटली, ती वाचता यावी म्हणून; पण तिच्यावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रंगीत तालमीला ट्रॅक्टर झकास सुरू झाला. वीस मिनिटं चालला. मग आवाज बसला, दोन आचके दिले आणि बंद.

मिस्त्री आले. "हवा पकड ली," म्हणाले. निदान अगदीच चुकीचं नव्हतं. डिझेलच्या लाइनमध्ये हवेचा बुडबुडा शिरला की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो. हवा मऊ, ती दबते, आणि नोझलपर्यंत थेंब पोचत नाही. मिस्त्रींनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, फीड पंपाची दांडी अर्धा तास खालीवर केली, फेस जाऊन सरळ धार लागल्यावर स्क्रू आवळला. ट्रॅक्टर सुरू! टाळ्या, चहा, समोसे. वीस मिनिटांनी पुन्हा बंद.

यानंतर तज्ज्ञांचा सुकाळ झाला. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, दोष डिझेलचा. त्यात तथ्य होतं, कारण चंदीगडला डिझेल स्वस्त, पण सचिवांचा मेहुणा पंजाबातल्या मोहालीत पंपावर आणि खजिनदारांचा हरयाणातल्या पंचकुलात. त्यामुळे टाकीत तीन सरकारांचं डिझेल होतं. इथे दोन राज्यांना मिळून एक राजधानी आहे आणि ती तिसऱ्याच्या, म्हणजे केंद्राच्या, ताब्यात. १९६६ पासून ते मिश्रण पूर्ण मिसळलेलं नाही, तर टाकीत कसं मिसळणार? दुसऱ्यांनी धुराचा रंग पाहून नोझल बदलायला सांगितली. तिसरे म्हणाले, झेटर आणलाच कशाला, मोहालीचा अस्सल देशी स्वराज आणायचा होता, १९७४ पासून निघतोय. (तिथल्या इंजिनच्या कारखान्यात २०२२ पर्यंत आमच्या किर्लोस्करांचाही हात होता, हे मी लगेच सांगून घेतलं. सल्लागाराला एवढा फायदा हवाच.)

मग पंप उतरवला. जुन्या इंजिनाच्या दुरुस्तीत हा टप्पा येतोच. सगळ्यात महागडा भाग सगळ्यात आधी खोलला, की खर्च झाल्याचं समाधान लगेच मिळतं. पंप बाकावर चढला, तपासला, नवे वायसर घालून परत आला. फिल्टर दोन्ही बदलले. नळीला फुंकर मारली. ट्रॅक्टर सुरू. अभिनंदनाचा ठराव. वीस मिनिटं. बंद.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच पटली होती: प्रत्येक उपाय लागू पडतो. पाच वेळा पाच वेगळे इलाज केले आणि पाचही वेळा ट्रॅक्टर सुरू झाला. प्रत्येक तज्ज्ञाकडे आपापल्या यशाचा पुरावा होता. पिंजोरच्या ट्रॅक्टर कारखान्याचंही असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. अधूनमधून इंधन मिळायचं, थोडा धूर निघायचा, पुन्हा शांत. २०१६ साली मंत्रिमंडळाने तो बंदच केला. कामगारांचे थकलेले पगार चुकते करायची तरतूद त्याच निर्णयात झाली. त्याच्या जमिनीच्या एका तुकड्यावर आता सफरचंदाची मंडई आहे.

आमचा प्रश्न सुटला तो संशयामुळे. वीस मिनिटांत इंजिन बंद म्हणजे कोणीतरी डिझेल चोरतंय, असा खजिनदारांचा हिशेब. पाचव्या इलाजानंतरही ट्रॅक्टर थांबल्याबरोबर ते काठी घेऊन टाकीवर चढले, सचिवांकडे रोखून पाहत झाकण फिरवलं आणि आतून लांबलचक आवाज आला: फुस्स! सचिव दचकले. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. मिस्त्रींनी सहज चावी मारून पाहिली, तर ट्रॅक्टर सुरू. झाकण खजिनदारांच्या हातातच राहिलं आणि ट्रॅक्टर तासभर चालला.

गोडेतेलाचा डबा फोडताना आई दोन भोकं पाडते, एक तेलाला, एक हवेला. एकच पाडलं तर धार अडखळत थांबते. टाकीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक छिद्र असतं. आमच्या झाकणाचं छिद्र वारशाच्या तीन हातांखाली बुजलं होतं. डिझेल खाली जाई तशी वर पोकळी होई, फीड पंपाने कितीही ओढलं तरी धार तुटे. मग मिस्त्री येईपर्यंत, पाना सापडेपर्यंत, चहा होईपर्यंत जो वेळ जाई, त्यात कुठल्यातरी फटीतून हवा टाकीत झिरपे आणि इंजिनाचा जीव परत येई. पाचही तज्ज्ञांचं खरं औषध उशीर हेच होतं.

मी म्हटलं, टाचणीने रंग काढू. सगळे गप्प. कारण तोवर आमच्या वारसा उपसमितीने ट्रॅक्टरच्या मूळ स्वरूपात फेरफार करायला मनाई करणारा ठराव मंजूर केला होता, आणि मूळ स्वरूप म्हणजे रंग दिल्यानंतरचं. भोक पाडणं हा फेरफार की दुरुस्ती, यावर दोन बैठका झाल्या. पंपाच्या बिलावर मात्र एकाच बैठकीत सह्या झाल्या.

तिसऱ्या बैठकीत तोडगा निघाला. बागेभोवतीच्या फेरीचा मार्ग कमी करून ती पंधरा मिनिटांत बसवण्यात आली आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं, की इंधनाचा दोष कायमचा दूर झाला आहे.

२७ तारखेला सरदारजी ट्रॅक्टर न्यायला आले. सीटवर बसले, झाकण काढून कुर्त्याच्या खिशात टाकलं, टाकीच्या तोंडावर फडक्याची घडी ठेवली आणि निघाले. उपसमितीने त्यांना पत्र धाडलंय, झाकण परत लावण्याबद्दल.